कुत्रीचा नमस्कार

आमच्या घरात बाहेरून आलेला माणूस मामाजींच्या पाया पडल्याशिवाय आत जात नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. चपला काढायच्या, वाकायचं, पायांना हात लावायचा आणि मामाजींचा हात डोक्यावर पडेपर्यंत तसंच वाकून राहायचं. हात पडला की ते म्हणतात, "सुखी राह्य." मग सुटका. परगावाहून आलात तरी हेच आणि कोपऱ्यावरून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन आलात तरी हेच. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या आशीर्वादांवर एखादी बाई आतापर्यंत सुखानं वेडी झाली असती. मी ठीक आहे.

कारंजा घाडगेला आमचं भांड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, मधे पडदा लावलेलं एक दार. मामाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दुकान मुलाच्या हाती दिल्याला खूप वर्षं झाली असं ते सगळ्यांना सांगतात, फक्त दारासमोरची खुर्ची आणि दुकानातले सगळे निर्णय त्यांनी स्वतःकडं ठेवले आहेत. आवाजाचं म्हणाल तर ते घरात चहा मागतात आणि रस्त्यापलीकडचा चहावाला दुधाचं भांडं गॅसवर चढवतो. मधे हायवेचे ट्रक चालू असले तरी.

माझा नवरा त्रेपन्न वर्षांचा आहे आणि वडिलांसमोर तो कधी बसत नाही. उभा राहतो, हात मागं, नजर फरशीवर. वडिलांना सांगायची कुठलीही गोष्ट तो आधी मनातल्या मनात चाळतो. कडू ते चाळणीत वरच राहतं आणि बारीक गोड पीठ तेवढं खाली पडतं. मामाजींनी आयुष्यभर ते गोड पीठच खाल्लं आहे. त्यांना वाटतं, जगात सगळं ठीक चाललं आहे आणि ते आपल्यामुळं.

कुत्री आमच्याकडं मुलीनं आणली. मुलगी वर्ध्याला होस्टेलवर राहून शिकत होती. तिथं मेसच्या मागं हे पिल्लू पडलेलं असायचं आणि चौकीदार काठी घेऊन त्याच्या मागं लागायचा. शिक्षण संपलं, पुण्याला नोकरी लागली, तशी ती मैत्रिणीच्या गाडीतून पिल्लू घेऊन घरी आली. "आई, दोन महिने ठेव. खोली मिळाली की नेते." खोली मिळाली. खोलीवाल्याला कुत्री चालत नाही. हे मला आणल्या दिवशीच माहीत होतं, फक्त मुलीला नव्हतं.

कुत्रीचं नाव सांगत नाही. घरातल्या कोणाचंच नाव लिहायचं नाही असं ठरवलंय, मग तिचंच कशाला चव्हाट्यावर आणा? तांबूस रंग, कान मोठे, बाकी गावठी. पहिल्या दिवशी तिनं खुर्चीतल्या मामाजींना पाहिलं आणि कान मागं पाडले, अंग जमिनीला चिकटवलं आणि सरपटत सरपटत थेट त्यांच्या पायांशी गेली. मामाजी खूश.

"पाह्य," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "इले न शिकवता समजते. तुमच्या पोट्टीले अजून सांगा लागते."

त्यांनी वाकून तिच्या डोक्याकडं हात नेला. "सुखी रा..." एवढं होईपर्यंत कुत्री पाठीवर उलटी झाली आणि मुतली. मामाजींच्या पायांवर, पायजम्यावर, थोडं खुर्चीच्या गादीवर. आशीर्वाद अर्धाच राहिला. उरलेल्या अर्ध्या वाक्यात मामाजींनी जे म्हटलं ते रस्त्यापलीकडं ऐकू गेलं असणार, कारण पाच मिनिटांत चहा आला.

आणि मग हे रोजचंच झालं. मामाजींनी हाक मारली की ती सरपटत यायची, त्यांचा हात वर गेला की मुतायची. ते ओरडले की उरलेलं मुतायची. बाकीच्यांसमोर नाही. माझ्यासमोर तर कधीच नाही. मला वाकून लाड करायला वेळ नसतो, मी परातींचा ढीग घेऊन तिच्यावरून ओलांडून जाते. आवाजाला ती भीत असेल म्हणावं, तर एकदा माळ्यावरून पितळेची घागर तिच्यापासून हातभर अंतरावर पडली. आम्ही सगळे दचकलो. ती उठली, घागर हुंगली आणि परत झोपली. ट्रकच्या हॉर्नचंही काही नाही. फक्त मामाजींचा हात.

शेजारच्या काकूंनी सांगितलं, "तिचं नाक त्यात घास, दोन दिवसांत सुधारते." मी घासलं. खोटं कशाला बोलू, एकदा मीसुद्धा केलं. मानेला धरून नेलं आणि घासलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तोंड दुसरीकडं वळवलं, ओठ चाटले आणि तिथंच परत मुतली, त्या दिवशी माझ्यासमोर. मला दिवसभर जेवण गेलं नाही. काकूंना मी सांगितलं की सुधारली.

उन्हाळा असा गेला. पायजमे धुण्यात. पाऊसपाणी सुरू झाल्यावर एका सकाळी मामाजींनी माझ्या नवऱ्याला समोर उभं केलं. "पोळ्यापर्यंत पाह्यतो. सुधरली तं ठीक. नाही तं तिले हायवेच्या ढाब्यावर सोडून येजो."

"हो बाबा," नवरा म्हणाला.

आमच्याकडं नको झालेली कुत्री ढाब्यावर सोडतात. लोक म्हणतात, तिथं खायला भरपूर मिळतं. मिळतंही. रोट्या मिळतात, हाडकं मिळतात आणि मग एक दिवस ट्रक मिळतो.

इथं मला एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. मला ती हवी होती. मुलगी गेल्यापासून स्वयंपाकघरात माझ्याजवळ कोणी नसायचं. कुत्री कणीक मळताना माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसायची आणि मी जे बोलेन ते ऐकायची. आमच्या घरात बोलणारे होते, ऐकणारं कोणी नव्हतं. मामाजी बोलतात, नवरा गप्प राहतो, आणि गप्प राहणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. ती ढाब्यावर गेली असती तर मी रडले असते. आणि मी रडत नाही.

म्हणून मीच नवऱ्याला म्हटलं, जनावरांच्या दवाखान्यात नेऊ. पोळा जवळ आलेला, दवाखान्याच्या आवारात बैलांची रांग. डॉक्टरांनी कुत्रीला आधी नीट तपासलं, लघवी तपासायला पाठवली, दोन दिवसांनी परत बोलावलं. परत गेलो तेव्हा डॉक्टरांचा उजवा हात कोपरापर्यंत एका म्हशीत होता. ते त्याच अवस्थेत आमच्याशी बोलले.

"बिमारी काहीच नाही इले," ते म्हणाले. "हे मुतनं नाही, हे बोलनं हाये. थे म्हनते, 'साहेब, तुम्ही मोठे, मी लहान. मले मारू नका.' कुत्र्याच्या जातीत असंच म्हनतात. तोंडानं बोलता येत नाही, मंग इकडून बोलते."

"पण मामाजी तर तिला मारत नाहीत," मी म्हटलं.

"मारा नाही लागत. वरून हात आला, डोळ्यात डोळे घातले, आवाज चढवला, बस झालं. लहानपनी कोनाची काठी पाह्यली असन. आता तुमी ओरडले, का तिले वाटते साहेबाले आइकू नाही आलं. मंग थे आणखी जोरात म्हनते."

मला हे ऐकून हसू येत होतं आणि रडूही. डॉक्टरांनी काय करायचं तेही सांगितलं. वरून हात नेऊ नका. तिच्याकडं टक लावून पाहू नका. तिरपं बसा, खाली बसा, हळू बोला, तिला स्वतःहून येऊ द्या. आली तर हनुवटीखाली खाजवा, डोक्यावर नाही. बाहेरून आल्यावर दहा मिनिटं तिच्याकडं लक्षच देऊ नका. आणि मुतली तर काही न बोलता पुसून घ्या. महिने लागतील. एवढ्यात म्हैस रेकली आणि डॉक्टर म्हणाले, बाजूले व्हा.

घरी आलो. मामाजी खुर्चीत वाट पाहत होते. नवरा पाया पडला, सुखी झाला, आणि हात मागं बांधून उभा राहिला. मी पडद्याआड.

"काय म्हने डॉक्टर?"

"बिमारी काहीच नाही म्हने, बाबा. थे... थे तुम्हाले मोठं मानते. 'तुम्ही मोठे, मी लहान' असं म्हनते थे. कुत्र्याच्या जातीत असंच म्हनतात म्हने."

आणि तो थांबला. मी पडदा धरून पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. 'मारू नका' कुठं गेलं? तिरपं बसणं कुठं गेलं, हळू बोलणं कुठं गेलं? ते सगळं चाळणीत वर राहिलं. त्रेपन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडून 'बाबा, ती तुम्हाला भिते' एवढं वाक्य निघालं नाही.

मामाजींचा चेहरा उजळला. तसा उजळलेला चेहरा मी फक्त लग्नसराईत पाहिला होता.

"असं?" ते म्हणाले. "म्हनजे मान देते!"

"हो बाबा."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं? राहू दे तिले."

पोळ्याची मुदत गेली. कुत्री घरात राहिली. आणि आता माझी गोष्ट ऐका, मला काही कोणाला नावं ठेवायचा हक्क नाही. मी पडदा बाजूला करून पुढं येऊ शकत होते. तोंड मलाही आहे, सगळा मोहल्ला सांगेल. पण मी विचार केला, ती राहते आहे ना, मग कशाला? आणि मी आत जाऊन कुकर लावला.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस मी विसरले असते तर बरं झालं असतं. मामाजींना छंदच लागला. गिऱ्हाईक आलं, पाहुणे आले, की हाक. "इकडे ये!" ती सरपटत यायची. "आता पाह्यजा," ते समोरच्याला म्हणायचे. हात वर जायचा, ती उलटी व्हायची, फरशी ओली व्हायची. "पाह्यलं? मान देते. कोनी शिकवलं नाही." पाहुणे पाय वर घेऊन म्हणायचे, वा वा. एका व्याह्यांनी विचारलं, हे रोज होतं का? मामाजी अभिमानानं म्हणाले, दिवसातून चार-पाच डाव. पुसणारी मी. खुर्चीपाशी मी दोन पोती अंथरून ठेवली होती आणि दर संध्याकाळी ती मोरीत धूत होते. मामाजींचं कधी एका शब्दानं बोलणं नाही की वास येतो. देवळातल्या पुजाऱ्याला घंटेचा आवाज जसा ऐकू येत नाही तसं.

पण कुत्री खालावत चालली होती. आधी हात वर गेला की मुतायची, मग हाकेला मुतायला लागली, मग मामाजी खोकले तरी. दिवसातला निम्मा वेळ ती काउंटरखाली मोठ्या गंजांच्या, म्हणजे पातेल्यांच्या, मागं बसायची. स्वयंपाकघरात यायला तिला मामाजींच्या खुर्चीवरून यावं लागे, म्हणून तिनं स्वयंपाकघरात येणंच सोडलं. माझा पाय मोकळा झाला. मी फोनवर मुलीला सगळं सांगितलं, डॉक्टरांचं पूर्ण बोलणं, शब्द न् शब्द. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू तरी सांगायचं ना." मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे." दूध नव्हतं.

दिवाळीला मुलगी आली. पुण्याहून येणारी ट्रॅव्हल्स सकाळीच हायवेवर उतरवते. बॅग ओढत ती दुकानाच्या पायऱ्या चढली आणि काउंटरखालून कुत्री सुटली ती बाणासारखी. उड्या मारत, गोल गोल फिरत, कुंई कुंई करत, शेपटीसकट अर्धं अंग हलवत. आणि हे सगळं करता करता मुतत. दारापासून पडद्यापर्यंत आणि पडद्यापासून परत दारापर्यंत फरशीवर नागमोडी रेघ. तिला कळतही नव्हतं. मुलीच्या चपलेवर, बॅगेवर, मामाजींनी आदल्या दिवशी मांडलेल्या पणत्यांच्या टोपलीवर.

मामाजी पाहत होते. त्यांना ते खटकलं. "म्हनजे तुलेही मान देते?"

मुलगी आधी आबाजींच्या, म्हणजे मामाजींच्या, पाया पडली. घरची रीत ती मोडत नाही. सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "नाही आबाजी. हे वेगळं हाये. हे खुशीचं."

"अन् माह्यासमोर करते थे?"

"भेवाचं."

दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. देवाची कृपा.

"डॉक्टर तं म्हने मोठं मानते," मामाजी म्हणाले.

"डॉक्टर म्हने, 'तुम्ही मोठे, मी लहान, मले मारू नका.' पूर्ण असं म्हने. बाबांनी नाही सांगतलं का तुम्हाले?"

माझा नवरा तेव्हा एका परातीवर नाव टाकत होता. नाव टाकायची मशीन त्यानं बंद केली नाही, उलट जोरात दाबली. मामाजी त्याच्याकडं वळलेच नाहीत.

"मी कवा मारलं तिले?" ते म्हणाले. आवाज चढला होता, पण त्यात राग कमी होता. "सांग ना. कोनाले मारलं मी?"

हे खरं होतं. मामाजींनी कोणालाच मारलं नव्हतं, कुत्रीला नाही, नवऱ्याला नाही. गरजच पडली नव्हती.

मुलगी चार दिवस राहिली आणि जायच्या सकाळी तिनं आबाजींना समोर बसून सांगितलं. जानेवारीत ती आणि एक मैत्रीण मिळून वेगळं घर घेणार, तिथं कुत्री चालते. "संक्रांतीले येते मी. तवर ती तुमच्यासमोर अशीच लोळून मुतत असन तं मी घेऊन जाईन, आबाजी. तिच्यासाठी बरं राहीन थे." आणि जाता जाता पाया पडली. मामाजींनी हात ठेवला, पण 'सुखी राह्य' म्हणायचं विसरले.

आता मुदत त्यांच्यावर होती. ट्रॅव्हल्स गेली आणि मामाजींनी मला हाक मारली. हाक म्हणजे गर्जनाच. मग थबकले, आणि परत, जरा खाली आणून, "सूनबाई. डॉक्टरनं काय काय सांगतलं होतं? सगळं सांग."

मी सगळं सांगितलं. न चाळता. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "नेऊ नाही द्याची तिले."

दुसऱ्या दिवसापासून मामाजी खुर्ची सोडून खाली पाटावर बसायला लागले. भिंतीकडं तोंड करून. समोर कॅलेंडर, त्यात गाईचं चित्र. ते गाईकडं बघत बसायचे, डावा हात बाजूला जमिनीलगत, तळहात उघडा, त्यावर भाजलेले फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे. गिऱ्हाईक आलं तरी वळायचे नाहीत. हळू बोलायचा सराव करायचे. पण जो आयुष्यात कधी हळू बोलला नाही त्याला हळू बोलता येत नाही. त्यांचा हळू आवाज आधी घोगरा यायचा, मग फुटायचा, मग मधेच मोठा व्हायचा आणि काउंटरखाली कुत्री लपायची. "मले जमून नाही राह्यलं," ते कॅलेंडरला सांगायचे.

बाजारात बातमी पसरली. शेजारच्या दुकानदारानं माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "काऊन भाऊ, घरात वाटन्या झाल्या का? काकाजी भिंतीकडे तोंड करून बसून राह्यले." नवरा म्हणाला, "नाही, कुत्रीसाठी." शेजाऱ्यानं ते कोणाला सांगितलं नाही, कारण त्याचा विश्वास बसला नाही. चहावाला तर काळजीनं आत डोकावून गेला. आठवडा झाला, काकाजींची चहाची हाक नाही, बरं आहे ना?

बरं होतं. मला सांगायला हरकत नाही, त्या दिवसांत मला मामाजी आवडायला लागले होते. म्हातारा माणूस, टोंगळे, म्हणजे गुडघे, दुखतात, तरी रोज खाली बसतो, हात उघडा ठेवून. पहिले कितीतरी दिवस दाणे मुंग्यांनी खाल्ले. मग कुत्री गंजांच्या मागून मान काढून बघू लागली. मग एकदा आली, दाणा उचलला आणि पळाली. मामाजी हलले नाहीत. फक्त त्यांचे कान लाल झाले. थंडी पडली तेव्हा ती येऊन त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायला लागली, तोंड भिंतीच्या उलट दिशेला करून. भांडण झालेल्या जावा बसतात तशी दोघं. एका दुपारी मी आत भांडी घासत होते तर बाहेरून कुजबुज आली, "सूनबाई. सूनबाई, पाह्य." मी हात पुसत आले. कुत्रीची हनुवटी मामाजींच्या तळहातावर होती. ते भिंतीकडंच पाहत होते.

"फरशी पाह्य," ते म्हणाले.

कोरडी होती. मी म्हटलं, "चहा ठेवू?"

एवढं सगळं कुत्रीसाठी. नवऱ्याशी मात्र तोच जुना आवाज होता. पाटावरून उठून खुर्चीत बसले की गळा मोकळा. "अजून माल नाही लावला? डोस्कं कुठं राह्यते तुह्यं?" नवरा उभा, हात मागं, नजर खाली. कुत्री तेवढ्यापुरती काउंटरखाली जायची आणि आवाज थांबला की परत यायची. मामाजींना त्याचं काही वाटत नव्हतं. आवाज तिच्यावर नव्हता ना, मग झालं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मुलगी आली. पिशवीत नवा कोरा पट्टा घेऊन आली होती. कुत्रीनं तिच्यासमोर खुशीची नागमोडी रेघ काढली, ती काढणारच. मग मामाजींनी पाटावर बसून दाणे धरले. कुत्री गेली, दाणे खाल्ले, हनुवटी ठेवली. कोरडं. मुलगी माझ्याकडं पाहून हसली. मामाजी म्हणाले, "आता बोल." मुलगी म्हणाली, "पाहू, संक्रांत होऊ द्या."

संक्रांत म्हणजे आमच्या दुकानाची दिवाळी. हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात, आणि वाण म्हणजे स्टीलच्या वाट्या, चमचे, डब्या. दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात एक बाई पेटी घेऊन परत आली. तिनं लहान वाट्या सांगितल्या होत्या, घरी पोचल्या मोठ्या. सगळ्यांसमोर तिनं पेटी काउंटरवर आपटली.

मामाजी खुर्चीतून उठले. "कोनी पाठवल्या ह्या?" मग माझ्या नवऱ्याकडं वळले. "तुले सांगतलेलं एक काम धड होत नाही! पन्नाशी उलटली, अजून लहान-मोठं समजत नाही तुले? सांग ना! तोंड नाही का?"

नवरा उभा होता. हात मागं, नजर फरशीवर.

कुत्रीला गर्दीमुळं काउंटरखाली जाता आलं नव्हतं. ती माझ्या नवऱ्याच्या पायांत होती. तिनं कान पाडले, अंग चोरलं, त्याच्या पायांना चिकटून उलटी झाली. बायकांनी साड्या वर धरल्या. ओल हळूहळू नवऱ्याच्या चपलांखालून पुढं आली, आणि तो हलला नाही. तसाच उभा राहिला, मान खाली घालून.

मामाजींनी कुत्रीकडं पाहिलं. मग मान वर केली आणि आपल्या मुलाकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. दोघांचीही तोंडं खाली होती, आणि मला वाटतं, मामाजींनी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"घेऊन जा इले," ते नातीला म्हणाले. "नाही जमलं मले." मग थोडं थांबून, "इले तू नेशीन. याले कोन नेईन?"

मी बादली आणि फडकं आणलं, सवयीनं. मामाजींनी फडकं माझ्या हातातून घेतलं. मी म्हटलं, अहो मामाजी, राहू द्या. ते म्हणाले, माह्यामुळं झालं, मीच पुसतो. आणि काउंटरला धरून, एकेक टोंगळा टेकत, भर दुकानात खाली बसले. पुसता येत नाही त्यांना. आयुष्यात पुसलं नाही. ओल इकडची तिकडं करत होते. ते इतके खाली आलेले पाहून कुत्री उठली, अंग झटकलं, जवळ जाऊन त्यांचा कान हुंगला. मुतली नाही.

"आबाजी," मुलगी म्हणाली, "राहू द्या. इथंच राहीन ती." आणि नवा पट्टा पिशवीतून काढून खिळ्याला अडकवला.

मग माझा नवराही खाली बसला. वडिलांच्या समोर, त्याच ओल्या फरशीवर. बापलेक एका फरशीवर बसलेले मी सत्तावीस वर्षांत पाहिले नव्हते. मी गिऱ्हाईक सांभाळायला उभी राहिले, हातात वाट्यांची चळत, पण कान तिकडंच.

"मोठ्या वाट्या मी माह्या मनानं नाही पाठवल्या, बाबा," नवरा फरशीकडं पाहत म्हणाला. "तुम्हीच सांगतल्या होत्या. सोमवारी."

"मी?"

"हाओ."

मला आठवलं. त्यांनीच सांगितल्या होत्या.

"मंग मी ओरडलो तवाच काऊन नाही बोलला?"

नवऱ्यानं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, परत बुडवलं. "भेव लागते, बाबा," तो म्हणाला. "तुमचं भेव लागते मले."

मी चळत घट्ट धरली. आता गर्जना येणार. पेटीवाली बाईसुद्धा दोन पावलं मागं सरकली.

मामाजी बसल्या जागी, हातांवर जोर देत, हळूहळू वळले. भिंतीकडं तोंड केलं. आणि कुत्रीसाठी दोन महिन्यांत कमावलेल्या त्या घोगऱ्या, बारीक आवाजात म्हणाले,

"बोल मंग. मी नाही पाहत तुह्याकडे."